दोडक्याचा मांडव आणि मागे सरकणारं स्टूल

५ ऑगस्ट

सं.ला घेऊन ना.गावला, डोळ्याच्या डॉक्टरांकडे. (नवऱ्याला वहीत मी सं. म्हणते आणि अरेतुरे करते. समोर अहो. एवढी एक चैन.) उजवा डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी नस झोपली आहे. शुगरमुळे. डोळा नाकाकडे ओढला गेलाय, म्हणून त्याला एकाचे दोन दिसतात. एक मी आणि शेजारी आणखी एक मी. एक सांभाळताना नाकी नऊ येतात त्याच्या.

डॉक्टर म्हणाले, बऱ्याच जणांची ही नस काही महिन्यांत जागी होते. "आणि नाहीच झाली तर?" "तेव्हाचं तेव्हा बघू. आधी शुगर सांभाळा, डोळ्यावर पट्टी ठेवा." माणूस बरा वाटला. घाबरवलं नाही, फसवलंही नाही.

येताना एस.टी.त ओतूर येईपर्यंत सं. हाताने उजवा डोळा झाकून बसला.

८ ऑगस्ट

स्टुडिओ मीच उघडते हल्ली. ॲडमिशनची गर्दी, पासपोर्ट फोटो. "हनुवटी खाली, हलू नका" एवढं म्हणता आलं की झालं. अल्बमचं कॉम्प्युटरवरचं काम पहिल्यापासून माझंच. मोठा कॅमेरा मात्र त्याचा. लग्नं त्याची.

जुलैतल्या त्या साखरपुड्यात स्टेजवरून उतरताना त्याला दोन पायऱ्या दिसल्या. "जिच्यावर पाय ठिवला ती नव्हतीच." सगळ्या वऱ्हाडासमोर आडवा. कॅमेरा छातीशी धरून पडला म्हणून कॅमेरा वाचला, कोपर सोलवटलं. तेव्हापासून हात लावलेला नाही.

आज म्हणाला, कॅमेरा विकायचा. मंचरचा एक फोटोवाला बघायला येणार आहे.

मी म्हटलं, "फोटो काढताना एक डोळा मिटताच की तुम्ही."

"फोटो एका डोळ्यानं निघतो. मांडवातनं फिराया दोन लागत्यात."

मी स्वयंपाकघरात गेले आणि कॅमेऱ्याचा चार्जर तूरडाळीच्या डब्यात खाली घालून ठेवला.

१२ ऑगस्ट

मंचरवाला आला. चार्जर नाही, बॅटरी उतरलेली, तपासणार काय? चहा पिऊन गेला. "सापडला की फोन करा, भाऊ." सं. दिवसभर एका डोळ्याने चार्जर शोधतोय. मीही शोधला. मनापासून.

१९ ऑगस्ट

कॉलेजच्या गा. मॅडम आल्या होत्या. भूगोल शिकवतात. त्यांच्याकडे विमानातून काढलेल्या फोटोंच्या जोड्या आहेत, एकाच डोंगराचे दोन फोटो, जरा जरा वेगळ्या जागेवरून. ते बघायचं भिंगाचं यंत्र असतं, त्याची भिंगं फुटली. नवं कधी येईल कोण जाणे. तोवर पोरांना यंत्राशिवायच बघायला शिकवणार म्हणाल्या. त्यांना माझ्याकडून छोट्या प्रिंट काढून हव्या होत्या.

"यंत्राशिवाय काय दिसणार?"

"डोंगर वर येतो. कागदातून. खरंच हो!"

डावा डोळा एक फोटो बघतो, उजवा दुसरा, आणि डोकं दोघांचा मिळून एक करतं. रोज आपण तेच करतो म्हणे, फक्त कळत नाही. फोटो आणि नाक यांच्यामध्ये बोट धरायचं, नजर बोटावर ठेवायची, आणि मागच्या दोन फोटोंचे तीन होईपर्यंत बोट पुढेमागे करायचं. मधला जो तिसरा, तो खोल.

मी काउंटरवर करून बघितलं. झेरॉक्सला आलेला गडी म्हणाला, "वैनी, चक्कर येतीय काय?"

२२ ऑगस्ट

नाही जमत. कपाळ दुखलं, बोट दुखलं. घरात एक माणूस फुकटात दोन-दोन बघतोय आणि मी दोन दिसावेत म्हणून बोटावर डोळे तिरळे करत बसलेय. हे त्याला सांगितलं नाही. हसला नसता.

२४ ऑगस्ट

दिसलं!!

भांडी घासून झाल्यावर सहज घेतलं हातात, आणि मधला फोटो आधी धूसर, मग एकदम पक्का. अंगावर काटा आला. पण प्रिंटमधला शिवनेरी वर यायच्या ऐवजी खाली गेला. किल्ल्याची विहीर झाली राव. तटबंदी खड्ड्याच्या काठासारखी आणि आजूबाजूची शेतं वर उचललेली.

२५ ऑगस्ट

मॅडमना फोन केला. खूप हसल्या, हे सांगायचं राहिलंच म्हणाल्या. त्यांच्या प्रिंट यंत्रासाठी लावलेल्या असतात, नजर सरळ ठेवून बघायच्या. मी नजर नाकाकडे वळवून बघतेय, म्हणजे माझ्या डाव्या डोळ्याला उजवीकडचा फोटो. "अदलाबदल करा ताई. डावा उजवीकडे चिकटवा." केलं. शिवनेरी उठून उभा राहिला. कडा, पायऱ्यांची वाट, सगळं. कितीदा चढलेय, पण एवढा उंच आजच दिसला.

त्यांनी साधा चहासुद्धा घेतला नाही आणि असलं काही शिकवून गेल्या. चांगल्या बाईच्या हाती पडले.

३० ऑगस्ट

स्वतःची पहिली जोडी. शेजारच्या शांताकाकूंच्या शेतातला दोडक्याचा मांडव. मोबाईलवर. युक्ती सोपी आहे: डाव्या पायावर भार टाकून एक फोटो, मग जागा न सोडता उजव्या पायावर भार टाकून दुसरा. मान वाकवायची नाही. वारा पडायची वाट बघत बसले, पान हललं की जोडी वाया. काकू म्हणाल्या, "दोडक्याचा फोटू? लगीन ठरतंय का त्याचं?" आणि पिशवीभर दोडके दिले. गेला महिनाभर आठवड्याला काही ना काही देतात, कधी भाजी, कधी भाकरीसुद्धा. डोळ्याचं एकदाही विचारत नाहीत. त्याचे उपकार जास्त.

जोडी पुठ्ठ्यावर चिकटवली, शेजारी-शेजारी. मला दिसायला अजून पाच-दहा मिनिटं झटापट करावी लागते. पण दिसलं की दोडके हवेत टांगलेले.

२ सप्टेंबर

हे नीट लिहून ठेवते.

सकाळी सं. तोंड धुवायला पट्टी काढून बसला होता. पुठ्ठा टेबलावर. टॉवेल घ्यायला हात पुढे केला आणि तसाच थांबला. पुठ्ठा उचलला. जवळ घेतला, जरा लांब केला, मान थोडी वळवली. मग म्हणाला,

"ह्यो दोडका भाईर आलाय."

मी कणीक मळत होते. म्हटलं काय?

"भाईर आलाय की. नाकाला लागंल. त्याच्या मागं दुसरा हाय, आन लई मागं ती तार." आणि हवेत बोट नेऊन तो दोडका धरायला गेला.

बोट नाही, झटापट नाही, काही नाही. त्याचा डोळा आधीच नाकाकडे वळलेला, म्हणून ज्या दोन फोटोंवर मी आठवडाभर कपाळ बडवून घेतलं ते त्याला आपोआप एक झाले. जगात सगळीकडे एकाचे दोन, आणि हे एवढंच दोनाचं एक!

"ह्यात शिकायचं काय व्हतं?" असं वर तोंड करून विचारलं. मला इतका राग आला आणि इतकं हसू. तोही हसला. जुलैनंतर पहिल्यांदा. कणकेच्या हाताने डोळे पुसले, चुरचुरले.

३ सप्टेंबर

देवापुढे दिवा लावला, पण आभार नेमके कशाचे मानायचे ते कळेना. आजाराचे मानायचे? तरी मानले.

९ सप्टेंबर

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, औषध म्हणून नव्हे, पण गंमत म्हणून बघायला हरकत नाही. त्रास झाला की थांबायचं, बाकी वेळ पट्टी. दोडक्याचा पुठ्ठा त्यांनीही डोळ्यांपुढे धरला. त्यांना नाही जमलं! सं. गाडीत बसेपर्यंत खूश.

फोटो काढायच्या खोलीत पुठ्ठा भिंतीला लावला, हलायला नको म्हणून. समोर पासपोर्टचं गोल स्टूल. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तिथे बसतो. आणि टीका करतो. "हिथं मोबाईल वाकडा धरलास. उजवा फोटू वर गेलाय." मी त्यातून शिकत नवीन जोड्या काढून आणते: काकूंची म्हैस (हलली, तिला दोन शेपट्या आल्या), चुलीजवळ रचलेली लाकडं, सायकलच्या दुकानातली चाकं. चाकांवर खूप खूश झाला.

सगळ्या पुठ्ठ्यांवर दोन फोटोंमधलं अंतर एकच ठेवते. नाहीतर स्टूल हलवावं लागतं त्याला.

१५ सप्टेंबर

कळंबहून जुन्या गिऱ्हाइकाचा फोन. त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नाचे फोटो सं.नेच काढले होते, आता धाकटीचं आहे नोव्हेंबरच्या शेवटी. "भाऊ सोता येणार आसतील तरच. दुसरं कुनी पाठवू नका." मी 'येतील' म्हणून सांगून टाकलं. न विचारता.

त्याला सांगितलं. स्टुलावर जाऊन बसला.

२१ सप्टेंबर

मॅडमबरोबर खोडदला. तिथल्या मोठ्या रेडिओ-दुर्बिणीच्या तबकड्यांची जोडी काढायची होती. पायावरून पायावर झुलून काढले तर फोटो सपाटच येतो, तबकडी लांब आहे. लांबच्या वस्तूला डोळे लांब-लांब पाहिजेत, मॅडम म्हणाल्या. म्हणून बांधाच्या एका टोकावरून एक फोटो, मग चालत दुसऱ्या टोकाला. तिथे पोचते तोवर तबकडी वळलेली! दोन्हीकडे वेगळंच तोंड. बांधावर बसून डबा खाल्ला. फार दिवसांनी बाहेर जेवले.

घरी आल्यावर सं.ने ती वेडी जोडी बघितली. म्हणाला, "हिला बी माझ्यासारखंच झालंय." स्वतःच्या आजारावर विनोद. शुभ चिन्ह.

२८ सप्टेंबर

वाईट दिवस. स्टुलावर बसला आणि ओरडला, "गेलं!" नेहमीच्या जागेवरून दोडके एक होईनात. एकमेकांवर चढतात, जुळत नाहीत. स्टूल मागे ओढलं तर जुळले. पण म्हणाला, डोळा आणखी बिघडला, रोजची जागासुद्धा राहिली नाही. पट्टी बांधली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मंचरवाल्याला स्वतः फोन केला. तो म्हणाला, चार्जर मी आणतो माझा, दसरा झाला की येतो.

जेवला नाही. मीही नाही.

२९ सप्टेंबर

सकाळभर पुठ्ठा घेऊन बसले. माझेच डोळे तिरळे करून बघितलं. पुठ्ठा जवळ धरला तर डोळे जास्त वळवावे लागतात. लांब नेला तर कमी. पुन्हा बघितलं. जवळ, जास्त. लांब, कमी.

म्हणजे त्याला लांबून जुळतंय, कारण त्याचा डोळा कमी वळलाय!

मी पुठ्ठा टाकून पळतच खोलीत. "अहो उठा, स्टूल मागं गेलं म्हणजे डोळा पुढं आला!" आधी समजेना. मग त्याने पट्टी सोडली, पुठ्ठा हातात घेऊन स्वतः पुढेमागे करून बघितला. बराच वेळ.

"मंग हे सरकत-सरकत कुठवर जायचं?"

"बरं वाटेपर्यंत."

"आन बरं वाटलं की?"

"मग आपोआप नाही दिसायचं. सगळ्यांसारखं. तिरळं करून बघावं लागेल."

पुठ्ठ्यावरच्या दोडक्यावर बोट ठेवलं. मग, "म्हंजी ह्यो दोडका दिसायचा बंद व्हावा म्हणून नवस बोलायचा?"

"हो."

"आवघड हाय."

दसरा

स्टुडिओत अवजारांची पूजा. दरवर्षी पाटावर मोठा कॅमेरा असतो, या वर्षी त्याने कपाटातून काढला नाही. मीच काढला, पुसला, पाटावर ठेवला. शेजारी माझा मोबाईल, कात्री, आणि दोडक्याचा पुठ्ठा. झेंडूचा हार कॅमेऱ्याला. बाहेर येऊन बघितलं आणि कुंकू मात्र त्यानेच लावलं. लेन्सला लागू नये म्हणून आधी झाकण बसवलं. हाताला सवय असते ना.

शांताकाकूंना, मॅडमना सोनं देऊन आलो. दोघे मिळून. पट्टी बांधून का होईना, बाजारपेठेतून चालत. माझं कोपर धरून.

१० ऑक्टोबर

डॉक्टर: "सुधारतंय." आम्ही त्यांना स्टुलाची गोष्ट सांगितली. ते नीट ऐकून घेत होते, मधे तोडलं नाही. हसून म्हणाले, तुमचं स्टूल आणि माझं मोजमाप एकच सांगतंय.

स्टूल लाईटच्या स्टँडपर्यंत पोचलं.

१९ ऑक्टोबर

स्टँडजवळच अडकलंय. आठवडा झाला. रोज बसतो, रोज तिथेच. मंचरवाला स्वतःचा चार्जर घेऊन आला होता. बॅटरी लावून, बटणं दाबून बघितली, कॅमेरा पसंत. सं. दारात उभा. मी कोथिंबीर निवडत होते, निवडलेलीच परत निवडली.

सं. म्हणाला, "तुळशीचं लगीन होऊ दे, मंग सांगतो."

"भाऊ, दुसरा बघू का मंग मी?"

"बघ की."

तो गेल्यावर मी कोथिंबीर तशीच टाकून चहा ठेवला. दोघांनी पायरीवर बसून प्यायला. मला त्याच्याविषयी इतकं वाटलं, पण लग्नाच्या एवढ्या वर्षांनी ते बोलायचं कसं हे काही ठाऊक नाही.

२ नोव्हेंबर

हललं! स्टूल स्टँड ओलांडून पुढे (म्हणजे मागे). आता मध्यावर आहे. एवढ्या लांबून छोट्या फोटोत कितीसं दिसणार? तरी म्हणतो, सगळं दिसतं. पाठ झालंय त्याला ते शेत.

तुळशीचं लग्न लावून झाल्यावर त्याने मंचरला फोन केला. "नाय इकायचा." एवढंच. वर "ऱ्हाऊ दे राव, चार्जर बी सापडना."

९ नोव्हेंबर

पट्टी दिवसातून थोडाच वेळ. डावीकडे बघताना एक. समोर अजून जरासे दोन. उजवीकडे नजर गेली की लांब-लांब दोन. चालताना तोंड उजवीकडे वळवून चालतो, तसं केलं की सगळं एक राहतं. बाजारात वाटतं कुणीतरी उजवीकडून हाक मारली आणि हा ओ द्यायला वळलाय.

मोटारसायकल अजून नाही. डॉक्टरांनीही नाही म्हटलंय, मीही.

१८ नोव्हेंबर

स्टूल दाराला टेकलं. खोली संपली.

मॅडमची पोरं आली होती सात-आठ, प्रॅक्टिकलच्या जोड्या न्यायला. सं. त्यांना शिकवत बसला. बोट धरा, नजर बोटावर, घाई करू नका. स्वतःला कधी बोट लागलं नाही, पण ऐकून-ऐकून पाठ. एका मुलीला दिसलं आणि ती किंचाळली, तेव्हा हा माझ्याकडे बघून असा काही हसला की जणू डोंगर त्यानेच बांधला.

२४ नोव्हेंबर

सकाळी दार उघडून स्टूल बाहेर पायरीवर ठेवलं. बसला. मी आत, पुठ्ठ्याशेजारी उभी. त्याने मान पुढे काढली, मागे घेतली.

"काय?"

"नाय गं दिसत."

"पुन्हा बघा."

"दोन फोटू हायेत. शेजारी-शेजारी. आन दोडकं चिकाटलेत कागदाला." मग माझ्याकडे बघून, "आन तू येकच हायेस."

मी म्हटलं, "पुरे ना?"

"लई झाली."

दोघेही हसलो. मग तो आत आला, पुठ्ठा भिंतीवरून काढला आणि डोळे तिरळे करायला बघू लागला. जमेना! माझ्याच बोटाने शिकवलं, पाच मिनिटं, दहा मिनिटं. वैतागला. "ह्यात येवढं काय व्हतं, आदी तर…" मग पुठ्ठा कपाटात ठेवला, पालथा नाही, तोंड वर करून. मला वाटलं त्याला जरा वाईट वाटतंय. मलाही वाटलं. तो मांडव एवढ्या सहज आता कुणालाच दिसणार नाही.

देवा, तरी तुझे उपकार. आज कशासाठी ते माहीत आहे.

२७ नोव्हेंबर

परवा कळंबचं लग्न.

संध्याकाळी म्हणाला, "चार्जर दे."

"सापडला नाही ना."

"तूरडाळीतनं काढ. गणपतीतच दिसला व्हता मला."

म्हणजे माहीत असूनही शोधत राहिला, आणि मंचरवाल्यालाही 'सापडना' सांगितलं. काढून दिला. डाळीची भुकटी फुंकून उडवली त्याने.

बॅटरी भरल्यावर मला दाराच्या उजेडात उभं केलं. कॅमेरा डोळ्याला लावला. एक काढला. मग डाव्या पायावरचा भार उजव्या पायावर घेतला, मान न वाकवता. "येक आजून." लग्नातही असंच म्हणतो तो, दुसरा फोटो खात्रीचा म्हणून. पण हा खात्रीचा नव्हता, जोडीचा होता. मी कधी त्याच्या फोटोत नसते. अजून प्रिंट काढली नाही, काढवत नाही. आपण कागदातून बाहेर आलेल्या कशा दिसतो, कोण जाणे.

उजवीकडचं अजून गेलेलं नाही. डॉक्टर म्हणाले जाईल, किंवा थोडं राहीलही. कळंबच्या मंडपात स्टेज आहे आणि स्टेजला पायऱ्या आहेत, मी मुद्दाम फोन करून विचारलं. उजवीकडूनच उतरायच्या आहेत.

म्हणून मी जातेय बरोबर. लाईट धरायला असं सांगितलंय सगळ्यांना. दिवसभर त्याच्या उजव्या हाताला उभी राहणार. तिकडे बघितलं की त्याला मी दोन दिसेन. दिसू दे. पायरीपाशी दोघींपैकी कुणाचाही हात धरायला गेला, तरी मी तिथेच असेन.